'द नाइट पोर्टर'मधली ल्युचिया मॅक्सकडे परत का जाते?

तुम्ही विचारलंय की या सिनेमात नाझी छळछावणीत ज्याने हाल केले त्याच मॅक्सकडे ल्युचिया युद्धानंतर बारा वर्षांनी आपल्या पायांनी का जाते. याला प्रेम म्हणायचं की स्टॉकहोम सिंड्रोम, म्हणजे डांबून ठेवणाऱ्याबद्दलच वाटणारी ओढ. आणि हे सगळं बघताना आपली नजर पडद्यावर खिळून राहिली, याची लाज वाटावी का.

मी ठाण्यात, चरईत राहते. नऊ वर्षं आठवड्यातल्या तीन संध्याकाळी एका महिला समुपदेशन केंद्रात बसत होते. सिनेमाचा अभ्यास माझा नाही. पण "परत का गेलीस?" हा प्रश्न पहिल्या वर्षात मी इतक्या बायकांना विचारलाय, की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

लिलियाना काव्हानीचा हा सिनेमा १९७४चा. म्हटलं की लोकांना एकच दृश्य आठवतं: हिटलरच्या एसएस दलाची टोपी, उघड्या अंगावर पँटचे पट्टे, कोपरापर्यंत हातमोजे, आणि अधिकाऱ्यांसमोर गाणारी शार्लट रॅम्पलिंग. पोस्टरवरही तेच. पण त्या गाण्यानंतर काय होतं ते पुन्हा बघा. मॅक्स तिच्यासमोर बक्षीस म्हणून एक खोका ठेवतो. आत एका कैद्याचं मुंडकं असतं. तो कैदी तिला त्रास द्यायचा, म्हणून त्याची दुसरीकडे बदली करा, एवढंच ती मॅक्सला म्हणाली होती.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या खोक्यात आहे. छावणीत तिने एक इच्छा बोलून दाखवली आणि त्यातून एका माणसाचा खून झाला. मारेकरी मॅक्स, पण शब्द तिचे होते, हे ओझं तिच्या डोक्यावर ठेवायची सोय त्याने करून ठेवली. हे ती कुणाला सांगणार? नवऱ्याला? तो वाद्यवृंदाचा संचालक, सभ्य माणूस, तिच्या नंतरच्या आयुष्यातला. व्हिएन्नाच्या हॉटेलात रात्रपाळीचा पोर्टर म्हणून मॅक्स समोर येतो तेव्हा ती ओरडत नाही, पोलिसांना बोलावत नाही. नवरा कार्यक्रमासाठी पुढच्या शहराला जातो आणि ती मागे राहते. जगात खोक्याबद्दल ज्याला काही समजावून सांगावं लागणार नाही असा एकच माणूस आहे, आणि तो तिचा गुन्हेगार आहे. त्यात मॅक्सचे जुने नाझी सहकारी हॉटेलात जमून एकेकाची कागदपत्रं जाळताहेत, साक्षीदार संपवताहेत. म्हणजे तिच्यावर जे गुजरलं त्याचा पुरावा म्हणून उरलाय तोही मॅक्सच.

केंद्रात एक मुलगी यायची, कळव्याहून. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलतेय. नवरा रबाळे एमआयडीसीत रात्रपाळीला जाताना बाहेरून कुलूप लावायचा. मारलं की दुसऱ्या दिवशी गरम जिलेबी आणायचा, पायाला तेल चोळून द्यायचा. तीनदा ती माहेरी गेली आणि तीनदा परतली. तिसऱ्यांदा मी चिडले. ती शांतपणे म्हणाली, "ताई, त्याला सगळं माहितीये. दुसऱ्या कुणाकडे गेलं की पहिल्यापासून सांगावं लागतं." तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

डटन आणि पेंटर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली अशा बंधनाची मांडणी केली. दोघांमध्ये ताकदीचं मोठं अंतर आणि मार-माया आलटून पालटून, या दोन गोष्टी जमल्या की बंध सुटता सुटत नाही. जिलेबी रोज आली असती तर तिची किंमत राहिली नसती, आणि मार रोज पडला असता तर ती कधीच सुटली असती. पुढचं काय हे कळत नाही, त्यातच माणूस अडकतं.

स्टॉकहोम सिंड्रोम हा शब्द मी वापरत नाही. २३ ऑगस्ट १९७३ रोजी स्टॉकहोमच्या एका बँकेत दरोडेखोराने लोकांना ओलीस धरलं, चार जण सहा दिवस आत अडकले. त्यातल्या क्रिस्टिन एन्मार्कने आतून थेट पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोन करून सांगितलं की भीती दरोडेखोरांची नाही, पोलीस घुसतील याची आहे. हा जीव वाचवायचा हिशोब होता. पोलिसांना सल्ला देणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाने, नील्स बेयरोटने, त्याला आजाराचं नाव दिलं. डीएसएम या मानसिक आजारांच्या निदानग्रंथात हा आजार म्हणून नाही, तरी आपण तो दर दुसऱ्या बाईला चिकटवतो.

आता दिग्दर्शिकेबद्दल. आपण सगळेच बळी किंवा मारेकरी असतो आणि या भूमिका आपखुशीने स्वीकारतो, असं काव्हानी म्हणाली होती. ऑशवित्झच्या छळछावणीतून जिवंत आलेल्या लेखक प्रिमो लेव्हीने १९८६च्या पुस्तकात हे साफ नाकारलं. मी पूर्णपणे लेव्हीच्या बाजूने आहे. आपखुशी हा शब्द छावणीच्या तारेच्या आत वापरताच येत नाही. पण सिनेमा तिच्या बोलण्यापेक्षा जास्त खरा आहे असं मला वाटतं, विशेषतः शेवटी, जेव्हा त्या सहकाऱ्यांच्या भीतीने दोघं मॅक्सच्या फ्लॅटमध्ये कोंडून राहतात. ती बाटली फोडते, मॅक्सचा पाय काचेवर पडतो, त्याचं रक्त निघतं. क्षणभर सत्ता तिच्या हातात येते, पण त्या चार भिंतींपुरतीच. अन्न संपत जातं, दोघं मुरंब्याच्या बरणीवर तुटून पडतात. इथे शृंगार कुठे आहे? छावणी पुन्हा उभी राहिलीय, आणि या वेळी आत तोही आहे.

आपल्याकडच्या 'हायवे'त (२०१४) पळवून नेलेल्या वीराला ट्रकमध्ये मोकळं वाटतं, कारण तिचा छळ घरातल्याच माणसाने केलेला असतो. घराबद्दलचं ते सत्य मला फार मोलाचं वाटतं. पण दोन्ही सिनेमांत पुरुष शेवटी गोळीने मरतो, त्यामुळे पुढे रोजचं जगणं कसं झालं असतं हे दाखवावंच लागत नाही.

नजर खिळली याची लाज वाटून घेऊ नका. फक्त एक बघा. छावणीतल्या आठवणीत मॅक्सच्या हातात कॅमेरा आहे, दिव्याचा झोत तिच्या तोंडावर. म्हणजे तिच्याकडे तसं बघायला आपल्याला पहिल्यांदा त्याने लावलंय. टोपीच्या दृश्यात आपण कुठे उभे होतो, अधिकाऱ्यांच्या टेबलाशी की तिच्याजवळ, हे दुसऱ्यांदा बघताना कळतं. मला पहिल्या खेपेला टेबलाशी असल्यासारखं वाटलं होतं.

कळव्याची ती मुलगी चौथ्यांदा आली तेव्हा मी काहीच विचारलं नाही. चहा दिला, पंखा तिच्याकडे वळवला. तासाभराने ती बोलायला लागली. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती नवऱ्याला सहज म्हणाली होती की नाक्यावरच्या दुकानातला पोरगा सुटे पैसे देताना हात लावतो. नवऱ्याने त्याच रात्री त्या पोराचा हात मोडला आणि घरी येऊन म्हणाला, बघ, तुझ्यासाठी केलं. त्यानंतर सहा वर्षं तिने कुणाचीही कुठलीच तक्रार कुणाकडे केली नव्हती. त्या पोराबद्दल ती पहिल्यांदाच, नवऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाजवळ बोलत होती.