वाचकांचे प्रश्न : स्वेडसारख्या स्टिअरिंगची निगा

प्रश्न : मी नागपूरला मनीषनगर भागात राहतो आणि नोकरीनिमित्त रोज वर्धा रस्त्याने बुटीबोरीला गाडीने ये-जा करतो. काही महिन्यांपूर्वी घेतलेल्या जुन्या गाडीच्या स्टिअरिंगवर स्वेडसारखे मऊ, काळसर आवरण आहे. जिथे हात टेकतात त्या दोन्ही बाजूंना ते चकचकीत, कडक आणि किंचित चिकट झाले आहे. गाडी धुणारा मुलगा डॅशबोर्डचे पॉलिश लावून देतो म्हणतो. हे चामडे आहे का, ते कसे स्वच्छ करावे आणि त्यावर कव्हर घालावे का?

उत्तर : पॉलिश मात्र लावू देऊ नका. डॅशबोर्डच्या पॉलिशमध्ये बहुधा सिलिकोन असते. ते तंतूंमध्ये मुरून बसते, सहजासहजी निघत नाही आणि स्टिअरिंग निसरडे करते. ज्या वस्तूवर हाताची पकड टिकलीच पाहिजे, तिच्यावर ते लावणे धोक्याचे आहे. चामड्याचे क्रीम किंवा कंडिशनर यांनाही हाच नियम लागू आहे, कारण आपल्या स्टिअरिंगवरील आवरण बहुधा चामडे नाहीच.

गाड्यांमध्ये दिसणारे असे आवरण बहुतेक वेळा कृत्रिम असते आणि त्यातील सर्वांत प्रसिद्ध नाव अल्कांतारा हे आहे. जपानमधील तोरे या कंपनीतील मियोशी ओकामोतो यांनी १९७० च्या सुमारास हे तंत्र विकसित केले आणि पुढे इटलीत त्याचे उत्पादन सुरू झाले. त्यात सुमारे ६८ टक्के पॉलिएस्टर आणि ३२ टक्के पॉलियुरेथेन असते. पॉलिएस्टरचे अतिसूक्ष्म तंतू पॉलियुरेथेनने एकत्र धरून ठेवलेले असतात आणि पृष्ठभागावर त्यांचीच बारीक लव उभी राहते. खरे स्वेड हे जनावराच्या कातड्याच्या आतल्या बाजूपासून बनते. त्यावर पाणी पडले की डाग उमटतो आणि ते कडक होते, म्हणून त्याची निगा कोरड्या ब्रशनेच राखावी लागते. आपल्या गाडीत नेमके काय आहे हे गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत बहुधा लिहिलेले असते. पुस्तिका नसेल तर त्याच मॉडेलची माहिती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून खात्री करून घ्यावी आणि मगच ओला कपडा हातात घ्यावा.

आता त्या चकाकीविषयी. आपल्याला वाटते तितका धुळीचा दोष त्यात नसतो. धूळ लवेच्या वर बसते आणि झटकली की जाते. खरा त्रास हाताच्या घामाचा आणि तेलकटपणाचा असतो. तो लवेत शिरतो, तंतूंना एकमेकांशी चिकटवतो, त्यावर धूळ बसते आणि सतत दाबले गेलेले तंतू आडवे पडतात. आडव्या तंतूंवरून प्रकाश सरळ परावर्तित होतो, म्हणून तो भाग चकचकीत दिसतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हात सदैव ओलसर असतात, त्यात सनस्क्रीन लावलेले असते. सकाळी तर्री पोहे खाऊन नुसत्या रुमालाला हात पुसून गाडीत बसलो किंवा थंडीत संत्रे सोलून तेच हात स्टिअरिंगवर ठेवले, तर सालीचे तेलही तिथेच जाते. हे आवरण शर्यतीच्या गाड्यांत आवडते झाले ते घट्ट पकडीसाठी आणि ऊन चमकत नाही म्हणून. पण तिथले चालक हातमोजे घालतात. रोजच्या वापराच्या गाडीत उघड्या हातांसाठी हे आवरण देणे मला तरी फारसे शहाणपणाचे वाटत नाही. मात्र ते आहेच, तर सांभाळले पाहिजे.

स्वच्छतेची सुरुवात कोरड्या ब्रशने करावी. अगदी मऊ केसांचा ब्रश घेऊन सगळ्या दिशांनी हलकेच फिरवावा आणि सुटलेली धूळ कोरड्या कपड्याने टिपावी. त्यानंतर पांढरा सुती कपडा पाण्यात बुडवून इतका पिळावा की तो दाबूनही थेंब पडू नये. कपडा पांढराच घ्यावा, म्हणजे त्याचा रंग स्टिअरिंगला लागत नाही आणि किती मळ निघाला हेही दिसते. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याऐवजी बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर वापरावे, कारण पाणी वाळले तरी क्षार तंतूंत राहतात. एका वेळी स्टिअरिंगचा साधारण चौथा भाग घ्यावा, घासण्यापेक्षा पुसत जावे आणि कपडा वरचेवर खळखळून घ्यावा, नाहीतर एका बाजूचा मळ दुसऱ्या बाजूला पसरतो.

चिकट झालेल्या दोन जागांसाठी एवढ्याने भागणार नाही. तिथे सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब कोमट पाण्यात घालून फक्त फेस करावा, तो फेस ब्रशवर घ्यावा आणि लहान वर्तुळे काढत हलक्या हाताने चोळावे. द्रव थेट स्टिअरिंगवर फवारू नये, कारण मधल्या एअरबॅगच्या भागात आणि बाजूच्या बटणांत पाणी शिरले तर दुरुस्तीचा खर्च आवरणापेक्षा मोठा होतो. नंतर स्वच्छ ओल्या कपड्याने साबणाचा अंश पूर्ण काढावा. तो राहिला तर वाळल्यावर तीच जागा पुन्हा लवकर मळते. ब्लीच, ॲसिटोन, वाफेचे यंत्र आणि कडक ब्रश यांना दूरच ठेवावे. चहा सांडला असेल तर कोमट पाणी, रंग उरलाच तर थोडा लिंबाचा रस आणि पुन्हा पाणी, हे पुरेसे ठरते. रक्ताच्या डागाला मात्र थंड पाणीच वापरावे, कारण गरम पाण्याने तो घट्ट बसतो.

वाळवणे हा या कामाचा निम्मा भाग आहे आणि घाईत नेमका तोच चुकतो. खिडक्या उघड्या ठेवून गाडी सावलीत उभी करावी. हेअर ड्रायरची गरम हवा किंवा भर दुपारचे ऊन देऊ नये. आवरण पूर्ण कोरडे झाले की मऊ ब्रशने लव पुन्हा उभी करावी. आपल्या गाडीतील जागा पहिल्याच वेळी पूर्ववत होतील अशी अपेक्षा ठेवू नये. दोन-तीन आठवडे थोडे थोडे करत राहिल्यास चकाकी बरीच कमी होते. पुढे उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा कोरडा ब्रश आणि ओला कपडा एवढे केले, तरी साबणाची वेळ क्वचितच येईल.

कव्हरबद्दल माझे मत स्पष्ट आहे : घालू नका. रबरी किंवा रेक्झिनच्या कव्हराखाली घाम आणि उष्णता कोंडते, लव कायमची दबते आणि सैल कव्हर वळणावर हातातून फिरते, हा धोका वेगळाच. गाडी उन्हात उभी करावी लागत असेल, तर समोरच्या काचेला सनशेड लावावे किंवा स्टिअरिंगवर जाडसर सुती टॉवेल टाकावा. रंग उडण्यापासूनही त्याने थोडे संरक्षण मिळते.

या सगळ्यानंतरही आतला थर दिसत असेल किंवा तंतू झडून टक्कल पडले असेल, तर स्वच्छतेने काहीच साधणार नाही. आवरण नव्याने शिवून घ्यावे लागेल. त्यासाठी स्टिअरिंग काढावे लागते आणि त्याआधी एअरबॅग उतरवावी लागते, म्हणून ते काढण्या-बसवण्याचे काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच करून घ्यावे आणि कारागिराकडे फक्त रिकामे चाक द्यावे.