गेलेल्या माणसाच्या वस्तू देऊन टाकल्या म्हणजे त्याला विसरलो असं होतं का?

समुपदेशन करताना हा प्रश्न माझ्याकडे अनेक तोंडांनी येतो. कधी मुलगा विचारतो, कधी सून, कधी मागे राहिलेला जोडीदार. बहुतेक वेळा त्यामागे घरातली ओढाताण असते: एकाला खोली मोकळी करायची असते, दुसऱ्याला साधा रुमालही जागचा हलू द्यायचा नसतो. हा अनुभव अशाच एका घरातला. त्या बाईंना विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई साठीच्या पुढच्या. पक्षाघातानंतर त्यांच्या यजमानांची शेवटची वर्षं व्हीलचेअर आणि वॉकरवर गेली. सगळी सेवा बाईंनीच केली. यजमान जाऊन काही महिने झाल्यावर मुलगी त्यांना घेऊन आली. "आई कशाला हातच लावू देत नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हटलं तरी रडायला लागते." मुलगी बाहेर गेल्यावर बाई बोलल्या, "वस्तू आहेत तोवर ते कुठंतरी बाहेर गेलेत असं वाटतं. वस्तू गेल्या की मग ते खरंच गेले."

रोज हाताळता अशी एखादी वस्तू आहे का, असं मी विचारलं. आहे म्हणाल्या. यजमानांचं कानाचं मशीन. त्याचा बारीक, गोल सेल एकदा वरचा कागद सोलला की मशीन वापरा, नाहीतर नुसतं ठेवा, हवेने उतरतच जातो. तो संपला की बाई नवा घालायच्या. "बंद पडलेलं बघवत नाही हो."

हे ऐकून कुणी 'मनावर परिणाम झालाय' म्हणेल. मी म्हणणार नाही. गेलेल्या माणसातून मन हळूहळू काढून घेणं म्हणजे शोक संपवणं, ही मांडणी मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१७ मध्ये केली आणि ती बराच काळ टिकली. पुढे १९९६ मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी वेगळी मांडणी पुढे आणली: नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं आणि ते मनात चालू राहणं यात आजार नाही. माझा अनुभवही हेच सांगतो. म्हणून 'आता सोडून द्या' हे वाक्य मी वापरत नाही.

मुलीला मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली. आई चार दिवस कुणाकडे राहायला गेली की मागे खोली आवरून टाकायची, असा बेत बऱ्याच घरांत ठरतो आणि तो प्रेमापोटीच ठरतो. पण परत आलेल्या माणसासमोर रिकामं कपाट उभं राहतं. निरोप घ्यायची संधी गेलेली असते आणि घरच्यांवरचा विश्वासही. कितीही वेळ लागला तरी हे करू नका.

बाईंना मी 'काय द्यायला तयार आहात?' असं विचारलं नाही. विचारलं, "यातल्या कोणत्या वस्तूसाठी आज कुणीतरी अडून बसलं असेल?" त्या लगेच म्हणाल्या, "व्हीलचेअर." ती मिळेपर्यंत यजमानांना उचलून न्हाणीघरात नेताना काय हाल झाले होते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? दुःख सुरू झालं प्रेमातून, पण खोलीतल्या अर्ध्या वस्तू आजारपणाच्या होत्या. सुरुवात तिथून करणं सोपं जातं.

खुर्ची एका ओळखीच्या कुटुंबाला द्यायचं ठरलं, तेव्हा बाईंनीच आधी चौकशी केली: माणूस अंगाने केवढा आहे? बैठक अरुंद असली तर मांड्यांना घासते, फार रुंद असली तर माणूस एका अंगाला कलतो. बसवताना-उठवताना दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायचे पायटे आधी बाजूला करायचे, गादी घ्यायची आणि तरीही मधूनमधून जागा बदलायची, नाहीतर जखमा होतात. हे सगळं त्यांनी त्या घरच्या सुनेला करून दाखवलं. पुढच्या भेटीत त्या खुर्चीबद्दल कमी आणि त्या सुनेबद्दल जास्त बोलल्या. इतक्या वर्षांची सेवा यजमानांबरोबर संपली, हे त्यांना आतून खात होतं. ते शिकलेलं कुणाला तरी लागतंय हे दिसलं आणि देणं त्यांना जमू लागलं.

कानाचं मशीन बरंच नंतर दिलं. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, ते तपासून, स्वच्छ करून दुसऱ्याच्या ऐकण्यानुसार बसवून देऊ शकतात. कानाच्या मापाचा साचा तेवढा ज्याचा त्याचा असतो. तो बाईंनी ठेवून घेतला. एक न धुतलेला शर्टही ठेवला, घट्ट बंद पिशवीत. वासाचा आणि आठवणींचा मेंदूतला संबंध फार जवळचा आहे, त्यामुळे असा एखादा कपडा ठेवायला मी स्वतःच सुचवते.

एका गोष्टीवर आम्हाला पुन्हा पुन्हा बोलावं लागलं. "जपून वापरा म्हणावं का त्यांना?" मी नको म्हटलं. दिलेली वस्तू त्यांची झाली. ते रंग देतील, उसवून लहान करतील, गरज संपली की पुढे देतील. आपल्या आठवणींची राखण घेणाऱ्याच्या गळ्यात घालू नये. ज्या वस्तूबद्दल ही अट मनातून जात नाही, ती अजून द्यायची वेळ झालेली नाही, एवढंच समजावं.

देण्याआधी खिसे तपासा, कागदपत्रं वेगळी काढा, फोनमधले फोटो उतरवून घेऊन मगच तो पुसा. कपडे धुतलेले आणि धड असावेत, फाटकं देणं हे देणं नव्हे. उरलेली औषधं मात्र कुणालाच देऊ नका, ती औषधविक्रेत्याला विचारून नष्ट करा.

किती दिवसांत आवरायला हवं, याला मुदत नाही. कपाट वर्षभर बंद राहिलं म्हणून कुणी आजारी ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ लांबलेल्या शोकाची नोंद आहे, पण त्यात किमान सहा महिने टिकलेली तीव्र ओढ किंवा वेदना आणि रोजचं जगणं कोलमडणं हे पाहिलं जातं. झोप, जेवण, काम, माणसांत मिसळणं हे सगळंच थांबलं असेल किंवा 'मलाही जायचंय' असे शब्द येत असतील, तर वस्तूंचा विषय बाजूला ठेवा आणि त्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. असे शब्द ऐकल्यावर सहा महिने तर सोडाच, एक दिवसही थांबू नका.