लिथियमची गोळी चालू असताना तब्येत चांगली असली तरी सारखं रक्त तपासायलाच हवं का?

तुम्ही विचारलंय की आईला लिथियम (मूड स्थिर ठेवणारी, मनाच्या आजारावरची गोळी) चालू आहे, सगळं छान चाललंय, मग डॉक्टर सारखं रक्त का काढायला लावतात, लॅबचं कमिशन असतं का आणि उपाशीपोटी जायचं का. कमिशन खाणारे असतील, नाही म्हणत नाही. पण हेच आमच्या आबांनी, म्हणजे मोठ्या काकांनी, इतक्यांदा ऐकवलंय की गप्प बसवत नाही.

माझा मोठा भाऊ लिथियमवर आहे. आम्ही अमळनेरकडचे. आबांचं एकच, "बरा शे ना तो, मंग रक्त कसाले काढतस?" त्यांच्यापुढे बोलणार कोण, त्या वर्षी तपासणी राहिलीच. मे महिन्यात चुलत बहिणीचं लग्न, पारा ४४ च्या वर, भाऊ दिवसभर मांडवात, पळापळ जास्त आणि पाणी कमी, त्यात गुडघा धरला म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी आणून सकाळ-संध्याकाळ खात होता. हळदीच्या दिवशी बशीत चहा ओतायला गेला तर अर्धा सदऱ्यावर. हात थरथर, जुलाब, जीभ जड. पाहुण्यांत कुजबुज की पिऊन आलाय, आणि आबा म्हणे जुनं दुखणं उलटलं, देवाला न्या. वहिनीने कुणाचं ऐकलं नाही, गाडी काढायला लावली ती थेट जळगाव. रक्तातल्या लिथियमची लेव्हल आली १.९. एरवी ०.६ ते १ च्या आत ठेवतात.

घामातून पाणी-मीठ गेलं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही. वरून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या ते बाहेर पडू देत नाहीत. किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६ निघालं, म्हणजे जास्तच. डॉक्टरांनी विचारलं आधी किती होतं, तर कुणाकडे उत्तर नाही. त्यातलं उन्हाचं किती आणि हळूहळू आधीच चढलेलं किती, कसं कळणार, मधला रिपोर्टच नाही ना! बरं असताना रक्त काढायचं ते याच्यासाठी. आबा अजून म्हणतात, ऊन लागलं होतं. लागलंच होतं आबा, मी कुठे नाही म्हणतो? पण लेव्हल चढली ते कळलं रक्त काढल्यावरच, देवाला नेऊन नाही.

तर तुमचं. लेव्हल पहिल्या वर्षी साधारण दर ३ महिन्यांनी, पुढे स्थिर असेल तर ६ महिन्यांनी, वय जास्त असेल तर ३ वरच ठेवतात. क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), कॅल्शियम ६ महिन्यांनी. लेव्हलसाठी उपाशी राहायची गरज नाही, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. काही हिरव्या बुचाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून लिथियम हेपरिन असतं, त्यात रक्त घेतलं तर आकडा उगाच जास्त येतो, लॅबवाल्याला आधीच सांगा लिथियमची टेस्ट आहे म्हणून.

मी डॉक्टर नाही, आईचं वेळापत्रक त्यांचे डॉक्टरच ठरवतील. गोळी मनाने बंद करू नका, पण उलट्या-जुलाब, थरथर, झोकांड्या असं काही दिसलं तर पुढची गोळी द्यायच्या आधी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि बीपीची नवी गोळी कुणी लिहून दिली तर लिथियम चालू असल्याचं आधी सांगा, त्यातल्या काहींनीही लेव्हल चढते.