काचेवरची वाफ आणि प्रतिप्रोटॉन

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय,

तुझं पत्र मिळालं, आणि कार्बनच्या केंद्रकांवरून प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचा उलट विद्युतभाराचा प्रतिकण) कोणत्या कोनात किती विखुरतात, त्याचा आलेखही. कार्बनच्या बिंदूंमधून तुझी रेषा किती सुरेख गेली आहे! पण केंद्रकाच्या मध्याशी पोटेन्शियल, म्हणजे केंद्रकाचा प्रतिप्रोटॉनवरचा प्रभाव, किती खोल आहे, त्याचा जो आकडा तू ठळक अक्षरांत लिहिला आहेस, तो आधी खोड.

का, ते सांगतो. सध्या कडाक्याची थंडी आहे, निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटताहेत. पहाटे खिडकीच्या काचेवर तोंडाची वाफ सोड आणि तिच्यातून रस्त्यावरच्या दिव्याकडे बघ. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतील. थेंब जितके बारीक, तितकी कडी मोठी. त्या कड्यांवरून थेंबाचा आकार कळतो. थेंबाच्या पोटात काय आहे, ते जवळजवळ काहीच कळत नाही.

प्रतिप्रोटॉनचं तेच आहे. प्रोटॉन केंद्रकात बराच आत शिरू शकतो. प्रतिप्रोटॉनची मात्र काठावरच्या विरळ भागातच एखाद्या प्रोटॉनशी किंवा न्यूट्रॉनशी गाठ पडते आणि दोघंही नाहीसे होतात. मागे राहते सुमारे १८८० एमईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा, आणि ती घेऊन सरासरी पाचेक पायॉन नावाचे हलके कण बाहेर पडतात. म्हणून त्याच्यापुरतं केंद्रक म्हणजे सगळं गिळणारी एक काळी तबकडी. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या लिअर या मंद प्रतिप्रोटॉनांच्या यंत्रावरची कार्बनची मोजणी १९८४ मध्ये छापून आली, ती ४६.८ एमईव्ही ऊर्जेच्या प्रतिप्रोटॉनांची. त्या ऊर्जेला संवेग येतो ३०० एमईव्ही प्रति सी आणि तरंगलांबी ४ फेमटोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळपास केंद्रकाएवढीच! म्हणून कार्बनचा पहिला खळगा, म्हणजे जिथे विखुरलेले कण एकदम कमी होतात ती जागा, इतक्या मोठ्या कोनावर येतो. शिशाचे खळगे दाटीवाटीने का येतात, ते कागदावर स्वतः काढ. संगणक नंतर.

विद्यार्थी असताना मीही असाच एक आकडा मिरवत होतो. माझ्या मार्गदर्शकांनी खोली दुप्पट करून बाकीचे आकडे पुन्हा जुळवायला लावले. रेषा पुन्हा बिंदूंवरच बसली. दोन्ही पोटेन्शियल एकावर एक ठेवली, तर फक्त काठाशी जुळत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण आकडा कधी मानायचा हे मी तेव्हा शिकलो.

काठ म्हणजे किरकोळ गोष्ट समजू नकोस. जड केंद्रकांत न्यूट्रॉनांची साय बाहेरच असते. प्रतिप्रोटॉन काठावर नष्ट झाला आणि पायॉन केंद्रकाला न धडकता निघून गेले, तर मागे एक न्यूट्रॉन किंवा एक प्रोटॉन कमी असलेलं केंद्रक उरतं. कोणतं किती उरलं, हे मोजून लिअरवरच काठाची घडण तपासली गेली. आता सर्नमध्ये प्यूमा प्रयोगात प्रतिप्रोटॉन सापळ्यात भरून अल्पायुषी केंद्रकांपर्यंत नेण्याची तयारी चालू आहे. तुला पुढं जायचं असेल, तर मला ही वाट फार मोलाची वाटते.

रविवारी ये. येताना दोन वेगवेगळ्या खोलींची पोटेन्शियल एकाच कागदावर काढून आण आणि ती कुठून पुढे जुळतात, तिथे पेन्सिलीने खूण कर.

तुझा,
सर