दुखणं हातांचं, तपासणी हृदयाची

"दुखनं हातनं, नि तपासनी काळीजनी? काबर वं ताई?"

संधिवाताच्या ओपीडीत समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. कधी अहिराणीत, कधी लेवा बोलीत, कधी सुनेने सासूच्या वतीने विचारलेला. मालताबाईंनी (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) तो विचारला, तेव्हा त्यांच्या एका हातात ईसीजीचा कागद होता आणि दुसऱ्या हाताची मूठ वळत नव्हती. वय 46, घरची केळी. गेले काही महिने सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली, बोटांच्या मुळाशी सूज, बांगड्या काढून कपाटात ठेवलेल्या. भाकरी थापायचं काम सुनेकडे गेलं होतं, आणि दुखण्यापेक्षा तेच त्यांना जास्त लागलं होतं. निदान नुकतंच झालेलं: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांना सूज आणणारा संधिवात. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट, म्हणजे हा आजार आटोक्यात ठेवणारी गोळी, सुरू केलं आणि सोबत बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करायला सांगितलं.

नवरा त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेला. मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ पाहून आलेला. "ताई, खरं सांगा, आता हिला अटॅक येनारच का?"

येणारच, असं काही नाही. पण तपासणी उगाच सांगितलेली नाही, हेही तितकंच खरं. या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. त्यातून सूज आणणारी जी द्रव्यं तयार होतात, ती बोटांत बसून राहत नाहीत, रक्तातून अंगभर फिरतात. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरालाही त्यांची झळ लागते, तिथे चरबीचे थर लवकर धरतात आणि फुटायलाही सोपे जातात. नवऱ्याला मी ठिबकच्या नळीत धरणाऱ्या क्षाराचं उदाहरण दिलं. ते त्याला लगेच पटलं, पण अर्धंच बरोबर आहे, हेही सांगावं लागलं. ठिबकची नळी स्वतः सुजत नाही, रक्तवाहिनी सुजते. म्हणून नुसतं तेल-तूप कमी करून भागत नाही, सूज उतरवावी लागते.

धोका किती वाढतो? साधारण दीडपट. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांची 'युलार' ही संघटनाही सांगते, की हृदयाच्या धोक्याचा नेहमीचा हिशेब या रुग्णांसाठी 1.5 ने गुणावा. 'दीडपट' ऐकलं की माणूस हादरतो, म्हणून मी कागदावर मांडून दाखवते. समजा एखाद्या बाईचा पुढच्या दहा वर्षांतला धोका शंभरात 4 आहे. संधिवाताने तो 6 होईल. म्हणजे तिच्यासारख्या शंभरातल्या 94 जणींना तरीही काही होणार नाही. नवऱ्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला.

मालताबाईंचं बीपी 148/92 भरलं. एकदाच मोजलेल्या आकड्यावर शिक्का मारायचा नसतो, म्हणून गावच्या उपकेंद्रात परत मोजून घ्यायला सांगितलं. तिशीपुढच्या सगळ्यांचं बीपी आणि साखर तिथे मोफत तपासतात. मग मी विचारलं, दुखलं की काय घेता? मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅक, रोज, कधी दोनदा. शिवाय शेजारच्या गावातल्या एकाकडची पुडी. "पुडी घेतली की दोन दिवस हात फुलासारखा हलका होतो." अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. बीपी वाढतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि मनाने एकदम बंद केली तर तेही धोक्याचं. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनीही बीपी चढतं, हृदयावर आणि किडनीवर ताण येतो. यातलं डॉक्टरांना काहीच माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. ते सगळं मी केसपेपरवर लिहून मालताबाईंना परत आत पाठवलं.

मशेरीचं मात्र त्या आपणहून बोलल्या नाहीत. आमच्या भागातल्या बायकांना 'तंबाखू खाता का' विचारलं तर त्या मनापासून नाही म्हणतात. मशेरी त्यांच्या हिशेबात दात घासायची वस्तू असते. "दात कशाने घासता?" असं विचारलं, तेव्हा कमरेची डबी बाहेर आली. सकाळी, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्री. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि त्यातलं निकोटिन नाडी आणि बीपी दोन्ही वाढवतं. नवऱ्याची विडी आत्तापर्यंत चर्चेत नव्हती, ती मी आणली. धुराने हृदयाचा धोका तर वाढतोच, पण हा संधिवातही विडी-सिगरेटने भडकतो, आणि घरात कोंडलेला धूर बायकोच्याही छातीत जातो. दोघांना 1800-11-2356 हा तंबाखू सोडवायला मदत करणारा मोफत नंबर लिहून दिला.

खाण्यावर मी फार बोलले नाही. पथ्याची यादी दिली की माणूस तेवढंच ऐकून जातो आणि गोळी विसरतो. सासूने केळी बंद केली होती, 'वात वाढतो' म्हणून. केळीच्या बागेत राहून केळं बंद! ते परत सुरू करायला सांगितलं. कळण्याची भाकरी आणि भरीत खुशाल खा, फोडणीचं तेल हात राखून घाला. शेवभाजीची तर्री, पापड आणि लोणचं मात्र बीपीसाठी कमी करा.

खरी अडचण पुढच्या भेटीत आली. पहिल्या वेळी कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं आणि नवरा सुटलो म्हणून घरी गेला होता. तीन महिन्यांनी सूज बरीच उतरली, मूठ वळायला लागली, आणि कोलेस्टेरॉल मात्र वाढलेलं आलं. त्याने सरळ निष्कर्ष काढला, की गोळीने चरबी वाढवली, आणि दोन आठवडे मेथोट्रेक्सेट बंद करून टाकलं. बोटं पुन्हा सुजली तेव्हा दोघं माझ्यासमोर येऊन बसले.

या आजारातली ही फसवी गोष्ट घरोघरी कळायला हवी. अंगात सूज पेटलेली असते, तेव्हा रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी दिसतं आणि धोका मात्र जास्त असतो. सूज शमली की आकडा त्याच्या मूळ जागेवर येतो. म्हणून आजार भडकलेला असतानाच्या नॉर्मल रिपोर्टवर निर्धास्त व्हायचं नाही, आणि आजार आटोक्यात आल्यावर आकडा थोडा चढला म्हणून औषध सोडायचं नाही. चढलेल्या आकड्याला काय करायचं, स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, लागेल का, ते डॉक्टर वय, बीपी, साखर आणि तंबाखू मिळून ठरवतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या रुग्णांत हृदयविकाराचं प्रमाण कमी दिसल्याचं अनेक अभ्यासांत आलं आहे. म्हणजे ज्या गोळीला भिऊन ती बंद केली, तीच हृदयाच्याही बाजूची होती.

डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून गावच्या बाजाराचा दिवस तिला नेमून दिला, आणि फॉलिक ॲसिड डॉक्टरांनी सांगितलेल्या वेगळ्या दिवशी. लिव्हर आणि रक्ताच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत, हे सुनेला सांगितलं. घरात तारखा तीच सांभाळते.

जाताना मालताबाईंनी विचारलं, अटॅक आला तर कळेल कसं? या रुग्णांत छातीत कळ न येताही झटका येऊन जाऊ शकतो, आणि बायकांत तर अशी लक्षणं जास्त दिसतात. त्यामुळे चार पावलं चालून दम लागणं, दरदरून घाम, जबडा, पाठ किंवा डावा हात भरून येणं, एकाएकी गळून गेल्यासारखं होणं, यातलं काही झालं तर 'वात चढला' म्हणून तेल चोळत बसायचं नाही, 108 ला फोन लावायचा.

बीपीची गोळी आता सुरू आहे, डायक्लोफेनॅक आणि पुडी बंद. मशेरी तीनदाची एकदा झाली आहे, तीही सकाळची, आणि ती सोडायचं नाव त्या अजून काढत नाहीत. विडीबद्दल विचारलं की नवरा खिडकीबाहेर बघतो. पुढच्या महिन्याची वेळ दोघांची एकत्रच लावली आहे.