खायला समोर असताना एक साळुंकी थांबते, दुसरी पुढे जाते; हे जन्मजात असतं का?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या अंबाझरीच्या बागेत एक साळुंकी एकाच जागी टिपत बसते, दुसरी चार चोची मारून पुढे सरकते, तर हा फरक जीनमुळे का.

साळुंकीचं नंतर बघू. याचं सगळ्यात स्वच्छ उत्तर मिळालंय ते सडक्या फळांवरच्या चिलटांत. मार्ला सोकोलोव्स्की या शास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या सुमारास दाखवलं की चिलटाच्या अळ्यांचे दोन स्वभाव असतात: 'रोव्हर' खातखात लांब फिरतात, 'सिटर' जवळच्या जवळ चरतात. १९९७ मध्ये त्यामागचा जीन सापडला. त्यापासून एक विकर (एन्झाइम) बनतं, ते रोव्हरमध्ये जास्त काम करतं. गंमत म्हणजे खाणं नसलेल्या जागी दोघीही सारख्याच फिरतात. म्हणजे सिटर आळशी नाही हो, समोर जेवण असताना उठायचं की नाही एवढ्यापुरताच हा फरक!

एम.एस्सी.ला मी हे करून पाहिलं होतं. चिलटं कॉटन मार्केटातल्या नासक्या संत्र्यांवरची. बशीत यीस्टचा पातळ लेप, त्यावर एकेक अळी सोडायची, पाच मिनिटं थांबायचं. लेपात बारीक नागमोडी रेघ उमटते, ती मी दोरा लावून मोजायचो. काही रेघा बशीच्या काठापर्यंत गेलेल्या. एक महाशय मात्र सोडलं तिथंच तोंड खुपसून बसलेले. (जीन तपासायची सोय नव्हती, त्यामुळे नावं द्यायच्या भानगडीत पडलो नाही. पुढे मे महिन्यात रात्रभर लाइट गेली, कूलर बंद पडला आणि सकाळी बाटल्यांतलं एकही चिलट हलेना.)

पण जीन म्हणेल तेच होतं असंही नाही. रोव्हर अळीला उपाशी ठेवलं की तिचीही रेघ आखूड होते. मधमाशीत तर याच जीनचं काम वयानुसार बदलतं: पोळ्यात पिल्लं सांभाळणाऱ्या माशीत कमी, मध-पराग आणायला बाहेर पडणाऱ्या माशीत जास्त. २००२ मध्ये हे दिसून आलं.

आता तुमची साळुंकी. ती भुकेली असेल, शेजारी कुत्रं असेल, नाहीतर दुसरीनं हुसकावलं असेल. एका सकाळीवरून स्वभाव ठरवू नका. पंखावर किंवा पायावर काही खूण असलेली एखादी निवडा आणि पंधरा दिवस तीच बघा.