नवा साहेब, जुना थकवा

प्रश्न : आदरणीय कॅप्टन, मी एका छोट्या प्रादेशिक विमान कंपनीत एटीआर या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानावर फर्स्ट ऑफिसर (एफओ), म्हणजे सहवैमानिक आहे. तीन वर्षांत तीन सीईओ आणि दोन ऑपरेशन्स प्रमुख येऊन गेले. प्रत्येक जण आल्याआल्या अडचणी विचारतो, आम्ही सांगतो, आणि काही महिन्यांत तोच निघून जातो. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचा तक्ता, आदल्या रात्री बदलतो, दिवसाला पाच-सहा सेक्टर (एकेक उड्डाण), मंजूर झालेली रजा ऐनवेळी रद्द. सलग चौथ्या पहाटेच्या ड्यूटीला मी फटीग रिपोर्ट, म्हणजे थकव्याचा अहवाल टाकला, तर रोस्टरिंगमधून फोन आला, "बाकीचे उडवतातच की." कमांड, म्हणजे कॅप्टनपद, आता जवळ आली आहे. कंपनी सोडावी, की कमांड मिळेपर्यंत तोंड मिटून उडावं?
– एक फर्स्ट ऑफिसर, नाशिक

उत्तर : वयाने मुलासारखा आहेस, म्हणून एकेरीत लिहितो. सोडायचं की थांबायचं ते पुढे बघू, पण तोंड मिटून उडू नकोस.

एटीआरच्या पायलटचा थकवा बाहेरच्या माणसाला कळत नाही. त्याला वाटतं, पाऊण तासाची तर फेरी. पण त्या पाऊण तासात टेक-ऑफ, चढण, उतरायची तयारी आणि लँडिंग सगळं एकाला एक चिकटून येतं; मध्ये पाठ टेकायला जागाच नसते. आपण सतरा-अठरा हजार फुटांवर असतो, म्हणजे जेटवाले ज्या पावसाळी ढगांच्या वरून जातात त्यांच्या पोटातून. जमिनीवर पंचवीस मिनिटं मिळतात, त्यात लोडशीट, इंधन, हवामान आणि जमलं तर अर्धा कप चहा.

जुलैतल्या एका संध्याकाळी किनारपट्टीवर माझा पाचवा सेक्टर होता. काचेवर पावसाचे फटकारे, वायपर पूर्ण वेगात. लँडिंग चेकलिस्ट सुरू होती. एफओने विचारलं, "फ्लॅप्स?" मी म्हणालो, "थर्टी." तो पुढे वाचेना. त्याने नुसता माझ्या मनगटाला हात लावला. मी खाली पाहिलं, फ्लॅप्सची, म्हणजे उतरताना खाली सोडायच्या पंखांमागच्या पात्यांची, लिव्हर पंधरावरच होती. मी खोटं बोललो नव्हतो. दिवसभर तेच उत्तर देऊन जिभेला पाठ झालं होतं आणि डोळ्यांनी बघणं सोडलं होतं. आम्ही गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता पुन्हा वर गेलो. त्या मुलाचा हात मला अजून मनगटावर जाणवतो.

मी रिपोर्ट लिहिला. ज्यांना दिला ते ऑपरेशन्स प्रमुख महिन्याभरात गेले. नव्यांना विचारलं तर म्हणाले, "कुठला रिपोर्ट?" ते वाईट गृहस्थ नव्हते, त्यांना खरंच माहीत नव्हतं. साहेब सारखे बदलतात तेव्हा होणारं सगळ्यात मोठं नुकसान हेच. कंपनीची आठवणच जाते. तोंडी दिलेला शब्द माणसाबरोबर निघून जातो. म्हणून तुला रोस्टरिंगमधून आलेल्या फोनची तारीख, वेळ आणि वाक्य लिहून ठेव, आणि त्याच दिवशी ईमेल कर : "आपल्या फोनवरील बोलण्यानुसार..." तुझ्या फाइलमधला कागद चौथ्या सीईओलाही वाचता येईल.

आणि तो फोन नियमाला धरून नव्हता. डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, जानेवारी २०२४ मध्ये नवे ड्यूटीचे नियम आणले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढली, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. फटीग रिपोर्टचं विश्लेषण आणि त्यावर काय केलं हे कंपनीने दर तिमाहीला डीजीसीएला कळवायचं, आणि रिपोर्ट देणाऱ्याला शिक्षा करायची नाही, हेही त्यातच आलं. अंमलबजावणी रखडत २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत झाली. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा त्यातल्या काही अटींना तात्पुरती सूटही दिली गेली. ती सूट बघून मला वाईट वाटलं. पायलटचं शरीर कुणाला सूट देत नाही. पहाटे दोन ते सहा ते झोपच मागतं.

फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअर या प्रादेशिक कंपनीचं विमान पडलं, ५० माणसं गेली. एफओ रात्रभर विमानं बदलत सिएटलहून नेवार्कला ड्यूटीवर आली होती, कॅप्टन आदल्या रात्री क्रू-रूममध्ये झोपला होता. चौकशीत मुख्य चूक कॅप्टनच्या हातून झाल्याचं निघालं, पण थकव्याचीही नोंद झाली आणि पुढे तिथे विश्रांतीचे नियम बदलले. आधीच बोलायला हवं होतं असं नंतर सगळेच म्हणाले असतील.

आता नोकरीचं. एफओला सहा महिन्यांची नोटीस लागते, कमांडरला बारा. कंपनीने एनओसी (ना-हरकत पत्र) दिली तर लवकर सुटता येतं, पण माणसं कमी असलेली कंपनी ती सहज देत नाही. म्हणजे कमांडनंतर जाणं जास्त अवघड. निर्णय कमांडची चाचणी (चेक) व्हायच्या आधी घे, आणि टाइप रेटिंगचा, म्हणजे या विमानाच्या प्रशिक्षणाचा, बाँड वकिलाला दाखवून घे. सीईओ कोण यावर फार विचार करू नकोस. ट्रेनिंगचा प्रमुख आणि फ्लाइट सेफ्टीचा प्रमुख किती वर्षं टिकलेत ते बघ. ते दोघे जागेवर असतील आणि तुझ्या रिपोर्टला लेखी उत्तर देत असतील, तर थांब, कमांड घे. ते दोघेही बदलत असतील तर मी तुझ्या जागी आजच अर्ज पाठवले असते.

चौथ्या पहाटेचा तो रिपोर्ट पुन्हा टाक. जुनी तारीख आणि जुना क्रमांक घाल, प्रत फ्लाइट सेफ्टीला. उत्तर आलं तर मला कळव, नाही आलं तरी कळव.